बाहेर म्हणजे कुठे?

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना माझी मुलगी ‘अब्ला’ म्हणायची. इथल्या शाळांत अरबी शिकवणाऱ्या बाईंना मुलं तशीच हाक मारतात, आणि त्या अरबीच शिकवायच्या. मला सुरुवातीला ते कानाला खटकायचं. मराठीत अबला कुणाला म्हणतात ते मुलीला सांगितलं, तर ती खो खो हसली आणि म्हणाली, “शी इज द ऑपॉझिट, आई.” खरंच होतं ते. बिल्डिंगची पाण्याची मोटर बंद पडली की वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांना फोन करून, यल्ला यल्ला, चला चला करत, माणूस आणवणारी तीच. मग मीही तिला अब्लाच म्हणायला लागले. ती मला ‘मुहंदिसा’ म्हणायची, म्हणजे इंजिनिअरबाई. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मधूनच ती अरबीत घसरायची आणि मी मराठीत.

मी सांगलीची. कतरमध्ये, अल मुंतझातल्या या जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही आलो ते नवऱ्याच्या नोकरीमुळे. तो रास लफानच्या गॅस प्लँटवर, पहाटे कंपनीच्या बसने जातो आणि संध्याकाळी थकून येतो. मला इथल्या एका कन्सल्टन्सीत काम मिळालं. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. कुणाला इमारतीवर आणखी एक मजला चढवायचा असतो, कुणाच्या पार्किंगच्या छताला तडे गेलेले असतात. मी जाऊन बघायचं, चाचण्या करून घ्यायच्या, रिपोर्ट द्यायचा.

अब्ला गाझाची. लग्न होऊन इथे आली, त्याला बरीच वर्षं झाली होती. तिचे आईवडील, धाकटा भाऊ, भावजय आणि भावाची दोन लहान मुलं तिकडेच होती. युद्धात त्यांनी कितीदा जागा बदलली ते तिलाही सांगता यायचं नाही. युद्धबंदी जाहीर झाल्यावर ते सगळे चालत आपल्या घराकडे परत गेले, आणि त्या दिवशी अब्लाने आमच्याकडे रव्याची गोड बसबूसा पाठवली. “घर अर्धं उभं आहे,” ती दारातून म्हणाली. “अर्धं! आजूबाजूला तर काहीच नाही.”

तिचे वडील निवृत्त शिक्षक. त्यांनी ते घर हळूहळू, एकेक मजला करत बांधलं होतं. त्यातले वरचे मजले आता एका बाजूला कोसळून खाली लोंबकळत होते. तळमजल्यावरची मागची एक खोली शाबूत होती. सहाही माणसं त्या खोलीत राहायला लागली.

काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, अब्ला फोन हातात घेऊनच आली. मी कणीक मळत होते.

“तू इमारती बघतेस ना? ही बघ.”

मी हात धुतले आणि फोटो बघितले. पहिल्या फोटोत नुसतीच खोली होती. गाद्यांची चळत, खिडकीला ताडपत्री, भिंतीवर खिळ्याला टांगलेला मुलांचा कोट. दुसऱ्या फोटोत कोपऱ्यातला कॉलम होता. त्याचं काँक्रीट फुटून गळून गेलं होतं आणि आतल्या सळया बाहेरच्या बाजूला वाकलेल्या होत्या. तिसऱ्यात छत. स्लॅबला आडवी भेग, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि त्या स्लॅबवर वरच्या मजल्यांचा सगळा मलबा बसलेला.

“माझ्या भावाला वाटतं छत खाली आलंय,” ती म्हणाली. “वडील म्हणतात, ते पहिल्यापासून तसंच आहे. आता पाऊस येणार आहे. त्यांनी तिथे राहायचं की नाही?”

मी म्हणाले, “फोटोवरून असं सांगता येत नाही.”

“मग कशावरून सांगता येतं?”

मी तिला सांगायला लागले. काँक्रीटचे नमुने काढावे लागतात, सळया किती उरल्यात ते यंत्राने बघावं लागतं, मूळचे नकाशे लागतात. ती शांतपणे ऐकत राहिली. बोलता बोलता मलाच माझं बोलणं ऐकू यायला लागलं आणि मी थांबले.

“तुझा भाऊ व्हिडिओ कॉल करू शकेल?” मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन लागला. तो पूर्वी फ्रिज दुरुस्त करायचा, इंग्रजी बऱ्यापैकी बोलायचा. चित्र सारखं गोठत होतं. मी त्याला एका दोऱ्याला दगड बांधून प्रत्येक कॉलमशेजारी ओळंबा सोडायला सांगितला. मग दुसऱ्या दगडाने कॉलम ठोकायला सांगितलं. दाराकडच्या दोन कॉलमचा आवाज भरीव आला. फुटक्या कोपऱ्याजवळचा तिसराही पोकळ वाजला, आणि ओळंब्यापासून तो डोळ्यांना दिसेल इतका सुटलेला होता.

“वरचा मलबा उतरवता येईल?” मी विचारलं.

“कशाने? इथे सगळ्या वस्तीत एकही मशीन नाही. लोक अजून आपली माणसं हातांनी उकरून काढतायत.”

“छताला टेकू द्यायला लोखंडी पाइप? लाकूड?”

“लाकूड आम्ही जाळतो, स्वयंपाकाला.”

सिमेंटचं मी विचारलं तेव्हा तो हसला. रागाने नाही, एखाद्या लहान मुलीने काही विचारावं तसं. “मुहंदिसा, इथे चॉकलेट येतं. सिमेंट येत नाही.”

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने बूटही काढले नव्हते. तो म्हणाला, “लिहून काही देऊ नकोस बाई. उद्या काही झालं तर?” मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला, “पण तू बघितलंयस. आता गप्प तरी कशी बसणार?”

मला कुठेच स्वस्थ बसवेना. भाजी चिरताना उठायचे, छताकडे बघायचे, आमच्याच हॉलच्या कोपऱ्यात रंगाचा पोपडा निघाला होता तिथे बोटाने ठोकायचे. ऑफिसात आणखीच बिनसायचं, कारण आमच्याकडे त्याच सुमारास गाझाच्या पुनर्बांधणीचं एक काम आलं होतं. कागदावरचंच. कुठल्याशा बड्या टेंडरसाठी नमुन्याची घरं आखायची होती. पडद्यावर नीटनेटक्या वस्त्या दिसायच्या, झाडं, सायकलींचे रस्ते, बाकांवर बसलेली माणसं. स्लॅबचं गणित माझ्याकडे होतं, ते मी कधीच पूर्ण करून दिलं होतं. दर मीटिंगला साहेब सांगायचे, “माल आत जाऊ द्यायला लागले की यल्ला, सुरू. तोपर्यंत होल्डवर.” मग चहा यायचा. मी त्या पडद्यावरच्या घरांकडे बघत बसायचे आणि मला फक्त तो पोकळ वाजणारा कॉलम ऐकू यायचा.

पावसाचा अंदाज आला तसं मी ठरवलं. अब्लाकडे गेले आणि म्हणाले, “त्यांना सांग, बाहेर निघा. ओला मलबा जड होतो. ते छत तो भार पेलेल असं मी म्हणू शकत नाही.”

“तूच सांग,” ती म्हणाली. “वडील माझं ऐकणार नाहीत.”

तिने व्हिडिओ कॉल लावून दिला. वडिलांना इंग्रजी येत होतं, जुन्या वळणाचं, सावकाश. त्यांनी माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं. एकदाही मधे बोलले नाहीत. मग विचारलं, “बाहेर म्हणजे कुठे?”

त्यांनी उत्तराची वाट बघितली नाही.

“मुली, तू मला दार दाखवतेस. दाराच्या पलीकडे काय आहे ते मी तुला दाखवतो.” त्यांनी मुलाला फोन घेऊन बाहेर जायला सांगितलं. ताडपत्रीचं दार बाजूला झालं. समोर सांडपाण्याचा चिखल होता, आणि चिखलात एकाला एक लागून तंबू. काही तंबू म्हणजे नुसत्या चादरी. दोन बायका एक पलंग डोक्यावरून नेत होत्या, ठेवायला कोरडी जागा शोधत.

“हे माझं घर आहे,” ते म्हणाले. “त्याने मला आजवर मारलेलं नाही.”

तेवढ्यात मागून अब्लाची आई काहीतरी बोलली. अरबीत, मोठ्याने. अब्लाने माझ्यासाठी भाषांतर केलं नाही, पण मुलांचं काहीतरी होतं एवढं मला कळलं. वडिलांनी मागे वळून मुलांकडे बघितलं. मग म्हणाले, “खलास, पुरे झालं. निघतो.”

जवळच्या शाळेच्या पटांगणात त्यांना कुणीतरी एक जुना तंबू मिळवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गाद्या घेऊन तिकडे गेले. आणि त्याच संध्याकाळी पाऊस आला.

पटांगण सखल होतं. तंबूत घोट्याएवढं पाणी भरलं. गाद्या भिजल्या, भिजलेल्या गाद्या वाळवायला जागा नाही. भावाने पाठवलेल्या व्हिडिओत त्याची आई पाण्यात ठेवलेल्या खुर्चीवर बसलेली होती, मांडीवर नातू, पाय वर घेऊन. तिला खोकला धरला. पाऊस सलग पडत राहिला.

आणि ते घर पडलं नाही.

मी रोज विचारायचे. “काही झालं?” अब्ला म्हणायची, “नाही, उभं आहे.” तिच्या आवाजात काही दोष दिलेला नसायचा, पण ती पूर्वीसारखी आत येऊन बसत नव्हती. जिन्यात भेटली की सलाम करायची आणि किल्ली काढायची. मला हवं तरी काय होतं, घर पडायला? ते पडावं असं मला वाटत नव्हतं. पण ते उभं आहे हे ऐकलं की मी पुन्हा ते जुने फोटो उघडून बसायचे. हे मी कुणाला सांगू शकले असते असं वाटत नाही, नवऱ्यालाही नाही.

एका दुपारी तिने दार इतक्या जोरात वाजवलं की माझी मुलगी घाबरली.

“आमच्या घरात माणसं शिरलीयत!”

“कोण?”

“कुणीतरी! एक तरुण माणूस, त्याची बायको, बहीण, तान्हं बाळ. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्याच दिवशी. वडील ताडपत्री आणायला गेले, तर आत चूल पेटलेली!”

तिचे वडील त्या माणसाला म्हणाले होते, ही जागा माझी आहे, पण मी त्यासाठी आलो नाही. हे छत पडणार आहे, कतरमधल्या इंजिनिअरने सांगितलंय. त्या तरुणाने त्यांना बसायला दिलं, चहा दिला, आणि म्हणाला, “काका, कधी पडणार ते तिने सांगितलंय का? आमचा तंबू पहिल्या पावसातच वाहून गेला. पडायच्या आदल्या दिवशी आम्ही निघू.” वडील चहा न पिताच परत आले. तेव्हापासून कुणाशी बोलत नव्हते.

“आमचं घर होतं ते,” अब्ला म्हणाली. ती अजून उभीच होती. “तू रिकामं करायला सांगितलंस. माझी आई पाण्यात बसलीय आणि आमच्या खोलीत परके लोक कोरडे झोपतायत.”

मी म्हणाले, “आज विचारलंस तरी मी तेच सांगेन.”

“माहीत आहे मला!” ती ओरडली. “त्याचाच तर राग येतो.”

मग ती खाली बसली, तिथेच, दाराशी, चपलांच्या स्टँडला टेकून. मीही तिच्याजवळ जमिनीवर बसले. माझी मुलगी पाणी घेऊन आली आणि आम्हा दोघींकडे बघत उभी राहिली.

पुढे काय झालं ते मी नीट सांगते, कारण मला त्याची अपेक्षा नव्हती. दोन-तीन दिवसांनी अब्लाच्या भावाचा फोन आला. तो त्या खोलीत उभा होता. शेजारी तो तरुण, कडेवर बाळ. त्याला माझ्याशी बोलायचं होतं. इंग्रजी येत नव्हतं. मी अब्लाकडे बघितलं. ती माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, हाताची घडी घालून.

“काय म्हणतोय?” मी विचारलं.

ती मग कोरड्या आवाजात म्हणाली, “विचारतोय, कुठल्या कोपऱ्यात झोपावं.”

मी म्हणाले, “त्याला सांग, कुठल्याच नाही. बाहेर निघ म्हणावं.”

तिने सांगितलं. त्याने मान हलवली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. मला भाषांतराची गरज पडली नाही.

तेव्हा मी सांगायला लागले. दाराकडचे दोन कॉलम चांगले आहेत, त्यांच्यामध्ये झोपा, डोकी दाराकडे. फुटक्या कोपऱ्याकडे कुणी जायचं नाही, तिथे चूलही नको. भेगेच्या दोन्ही कडांना कोळशाने खूण करा, अंतर वाढतंय का रोज बघा. छतातून माती गळायला लागली किंवा कडकड आवाज आला तर सामान न घेता निघा. आणि बीमखाली टेकू हवा. लाकूड नाही, लोखंड नाही, तर मलब्यातले धड ब्लॉक घ्या, एकावर एक रचा, सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका, आणि वर उरलेल्या फटीत चपटे दगड ठोकून घट्ट बसवा. याला मी ऑफिसात टेकू म्हटलं असतं तर मला घरी पाठवलं असतं.

अब्ला एकेक वाक्य अरबीत करत होती. आधी माझ्यामागून ढकलल्यासारखी, मग हळूहळू तिचा तो शाळेतला आवाज यायला लागला. त्याला परत म्हणून दाखवायला लावलं तिने. एकदा तो चुकला तर तिने त्याला झापलं. माझ्या लक्षात आलं की ती हे सगळं आपल्या वडिलांच्या खोलीत बसलेल्या परक्या माणसाला शिकवत होती, आणि आता तिला ते नीट व्हायला हवं होतं.

चांगले ब्लॉक कुठे मिळतील, हे त्या तरुणाला माहीत नव्हतं. अब्लाने वडिलांना फोन लावला. ती त्यांना आर्जवाने काय म्हणाली ते मला समजलं नाही. ते नाहीच म्हणत असावेत. शेवटचं वाक्य तेवढं मला कळलं, “याबा, त्याचं बाळ आहे.” मग तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वडील तिथे गेले. अंगणाची जुनी कुंपणभिंत मागच्या बाजूला मलब्याखाली होती, तिचे ब्लॉक पक्के होते आणि ती नेमकी कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक. ते, भाऊ आणि तो तरुण असे तिघे मिळून ब्लॉक उकरत होते. दुपारपर्यंत टेकूचा खांब छातीएवढा झाला. वडील उलट्या बादलीवर बसून हातवारे करून सांगत होते, व्हिडिओत मागून त्यांचा आवाज येत होता. अब्ला ते पुन्हापुन्हा लावून बघत होती. “बघ, माझे वडील बोलतायत,” ती म्हणाली.

त्यानंतर एक मोठं वादळ आलं. त्यात वरून लोंबणारा मलब्याचा एक भाग मागच्या अंगाला घसरला आणि फुटका कोपरा छतासकट खाली बसला. त्या माणसांनी आदल्या दुपारीच माती गळताना पाहिली होती आणि ती बाहेर पडली होती. ती गेली अब्लाच्या आईवडिलांच्या तंबूत. दोन्ही कुटुंबं त्या एका तंबूत राहिली. अब्लाच्या आईने बाळाला आपल्या शालीत घेतलं होतं. खोकला तिला अजून होता.

मला वाटलं, आता तरी प्रश्न मिटला. वादळ सरलं, ऊन पडलं, आणि तो तरुण बायको, बहीण, बाळ सगळ्यांना घेऊन पुन्हा त्या खोलीत राहायला गेला. उरलेल्या भागात, खांबाच्या आणि दाराच्या मधे. हे सांगताना अब्लाने माझ्याकडे बघितलं नाही.

“वडिलांनी अडवलं नाही?” मी विचारलं.

“वडिलांनीच त्याला ताडपत्री दिली.”

यात मी कुणाला काय सांगणार होते? माझं सांगणं बरोबर ठरलं होतं, कोपरा पडला होता. पण बरोबर ठरण्यातून कुणाला एक कोरडी जागा मिळाली नव्हती. ऑफिसातलं ते काम अजून होल्डवरच आहे. मधे एकदा साहेबांनी नकाशातल्या झाडांची जात बदलायला सांगितली.

आता शुक्रवारी दुपारची नमाज झाली की अब्ला माझ्याकडे येते. तिच्या भावाने कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. तिच्या फोनवर फोटो येत राहतात. कॉलम, जिने, भेगा, छतावरून लोंबणारे पंखे. मी बघते, प्रश्न विचारते, ती तो अरबीत विचारते, उत्तर येतं. बहुतेकांना मी निघा म्हणते आणि बहुतेक निघत नाहीत. मग कुठे झोपा, कुठे जाऊ नका, ब्लॉक कसे रचा. नवरा त्या वेळी मुलीला घेऊन कॉर्निशवर, समुद्राकाठी फिरायला जातो. जाताना म्हणतो, “तुमचा दवाखाना चालू द्या.” थट्टेने म्हणतो, पण परत येताना आमच्या दोघींसाठी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणतो.

मागच्या शुक्रवारी एक फोटो आला. इमारत गेलेली, नुसता जिना उरलेला. जिन्याखालच्या पोकळीत एक म्हातारं जोडपं राहत होतं. मी व्हिडिओ मागवला. त्यांच्या नातीने फोन सगळीकडून फिरवला, दगडाने ठोकून दाखवलं. आवाज भरीव येत होता. वर काही लोंबत नव्हतं, शेजारी कोसळण्याजोगं काही उरलंच नव्हतं. भेग कुठे दिसेना.

“राहू देत त्यांना,” मी म्हणाले.

अब्लाची बोटं फोनवर थांबली. “काय सांगू?”

“राहा म्हणून सांग.”

इतक्या दिवसांत हा शब्द मी पहिल्यांदाच उच्चारला होता. तिने टाइप केलं नाही. चष्मा काढला, ओढणीने पुसला, परत घातला आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

“पुन्हा एकदा बघ,” ती म्हणाली.

मी फोन घेतला, चित्र मोठं केलं आणि खालच्या पायरीपासून पुन्हा बघायला लागले.